कालचं पाणी

डोळ्यांवरचा काळा चष्मा उतरला आणि माईनं सगळ्यात आधी मागितलं ते नेमकं तेच चित्र, जे घरात नाही असं तिला सांगितलेलं होतं.

"निळं तळं," ती म्हणाली. "सूनबाई माहेरी गेली होती तेव्हा केलेलं. ते आधी बघायचंय मला. बाकीची सावकाश."

बाळच्या हातातला कप बशीत जरा जोरात बसला. माईच्या या मुलानं पन्नाशी ओलांडली होती, मिशी पिकली होती, खालच्या मजल्यावर त्याचा फ्रेमा करायचा कारखाना होता आणि तिथले कारागीर त्याला वचकून असत. पण घरात तो बाळच. खोटं बोलताना तर फारच बाळ.

"ते गेलं की, माई," तो म्हणाला. "पाहुणे घेऊन गेले. सांगितलं होतं ना तुला."

"गेलं म्हणजे बुडालं नाही. त्यांच्या भिंतीवर असेल. एका दिवसापुरतं मागून आण. म्हणावं, म्हातारीला आता दिसतंय, तिला तिचं काम बघू द्या."

"बघतो."

"तू बघू नकोस. मला बघायचंय."

ताई हसली. बाळची ही थोरली बहीण एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि कुठल्याही खोलीत गेली की तिला तो वर्गच वाटे. माईच्या ऑपरेशनसाठी ती रजा टाकून आली होती. तिच्या शेजारी काका बसले होते, माईचे धाकटे दीर. त्यांनी जन्मात कागदावर रेघ ओढली नव्हती, पण घरच्या प्रत्येक प्रदर्शनात भाषण मात्र त्यांचंच असे. "मागून आण रे," काका म्हणाले. "कलावंताला आपली कृती बघायचा हक्क असतो." बाळनं त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की काकांनी लगेच बिस्किट उचललं.

माईचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. ती खिडकीशी बसून नुसती बघत होती. मोतीबिंदू पिकत गेला तशी कित्येक वर्षं ती सगळं जग चहाच्या पाण्यातून बघत आली होती. भिंती मळक्या, आभाळ मळकं, माणसांचे चेहरे मळके. हळूहळू झाल्यामुळं तिला वाटलं, जगच जुनं झालं असेल, आपल्यासारखं. आता दोन्ही डोळे करून झाले होते, आणि सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, आजी, आता हवं तेवढं बघा. म्हणून ती बघत होती. भिंत पांढरी होती आणि कोपऱ्यात तिची सावली निळी होती. पाण्याच्या पेल्याच्या काठावर उजेडाची एक बारीक रेघ उभी होती. स्वतःच्या हातावरच्या शिरा हिरव्या दिसल्या तेव्हा तिला गंमत वाटली, आणि मग जरा वेळानं रडू येईलसं वाटलं.

समोरच्या भिंतीवर नानांचं चित्र होतं. नाना म्हणजे तिचे सासरे, तिचे गुरू. तळं, पलीकडं डोंगर, अलीकडं लव्हाळी, मधे एक होडी. तिकडं तिनं अजून मुद्दाम पाहिलं नव्हतं. आधी तिला स्वतःचं निळं तळं हवं होतं. ते चित्र करताना कितीतरी दिवसांनी रंगानं तिचं ऐकलं होतं. वाट्या तिनं एकटीनं भरल्या होत्या, रंग एकटीनं कालवले होते, आणि कागदावर पहाट उतरताना तिला दिसली होती. आपल्या हातून शेवटचं चांगलं काम झालं ते तेच, असं ती मनात धरून बसली होती.

"चहा निवला तुमचा," सून म्हणाली, आणि तिनं कप उचलला. तिनं बाळकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली. माईला आता तेही दिसलं असतं, पण ती खिडकीबाहेर बघत होती.

*

चित्रांच्या खोलीत येऊन सुनेनं दार लोटलं, तोवर ताई मागोमाग आलीच.

"पाहुणे कोण होते?" ताईनं विचारलं.

"कुठले?"

"तेच विचारतेय. चित्र नेणारे. बाळचे कान लाल झाले की मला शाळेत असल्यापासून कळतं. आणि तू तर पांढरीफटक पडलीस. चित्र कुठं आहे?"

सून खिडकीकडं वळली. खिडकीखालच्या लांब टेबलावर पांढऱ्या वाट्या उपड्या घातलेल्या होत्या, ब्रश टोकं वर करून पेल्यात उभे होते, आणि टेबलाच्या कडेला चिनी मातीची ती पोट सुटलेली बरणी होती. तिच्यात कालचं पाणी असे.

या घरात रंग कधी कोरा वापरत नसत. दिवसभर ज्या पाण्यात ब्रश धुतले ते संध्याकाळी फेकायचं नाही, बरणीत ओतायचं. त्यात सगळ्या रंगांचं थोडंथोडं येतं, आणि मिळून एक मऊ राखाडी होते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाटीत त्या पाण्याचा एक थेंब. निळ्यात एक, तांबड्यात एक, पिवळ्यात एक. मग रंग एकमेकांना ओळखायला लागतात, एकाच घरातले होतात. कोऱ्या रंगाचा डोंगर बघणाऱ्याच्या नाकाशी येऊन उभा राहतो. थेंब पडला की तो मागं सरतो आणि मधे हवा येते. तसं जमलं की नाना एवढंच म्हणत, "डोंगर लांब गेला." यापलीकडं शाबासकी या घरानं कुणाला दिली नाही. काका भाषणात याला 'नानांचा दंडक' म्हणत आणि तिथं आवाज थोडा खाली आणत.

"माईंना दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा वाट्या मी भरायला लागले," सून म्हणाली. "तुम्हाला माहीतच आहे."

"हो. मग?"

"त्यांना रंग फिका वाटायचा. म्हणायच्या, अजून निळा घाल. मी घालायचे. तरी म्हणायच्या, अजून. ताई, तो निळा डोळ्यांत खुपायचा हो. मग मी थोडं कालचं पाणीही घालायला लागले. त्यांना न सांगता. आधी एक थेंब जास्त. मग दोन." तिनं बरणीच्या झाकणावर हात ठेवला. "मग पळीनं."

ताईला आधी नीट समजलंच नाही, आणि समजलं तेव्हा ती खुर्चीत बसली. "म्हणजे ती धुक्याची चित्रं? लोक ज्यांच्यासमोर तासन्‌तास उभे राहतात ती? ती तुझी?"

"नाही. हात त्यांचाच. मी फक्त पाणी घातलं."

"फक्त?" ताईचा आवाज मुख्याध्यापिकेचा झाला. "अगं, रंगानं नाव झालं तिचं. म्हातारपणी हिचा रंग काय शांत झालाय म्हणतात लोक. आणि तिला स्वतःला माहीत नाही? तू कोण ठरवणारी?"

"कुणी नाही," सून म्हणाली. "त्या दर वेळी विचारायच्या, डोंगर लांब गेला का? मला नाही म्हणवायचं नाही. म्हणून मी तो लांब न्यायचे आणि मग म्हणायचे, गेला."

ताईला राग आला होता, आणि रागाखाली दुसरंही काही होतं. इतकी वर्षं रोज आईशेजारी बसायला आपल्याला मिळालं नाही, हिला मिळालं. ते कधीचं खुपत होतं.

"तू माहेरी होतीस तेव्हाचं चित्र म्हणजे..."

"त्यात माझं पाणी नाही," सून म्हणाली. "ते खाली आहे. काचांच्या मागं."

*

कारखान्यात दुपारची सुट्टी होती. लाकडाचा भुसा उन्हात तरंगत होता आणि करवतीचा वास अजून खोलीत होता. काकांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते आले होते. बाळनं उभ्या काचा एकेक करून बाजूला घेतल्या, मागून खाकी कागदात बांधलेलं चित्र काढलं आणि कोपरे कापायच्या यंत्राशेजारी टेबलावर उघडलं.

पहाटेचं तळं होतं ते. डोंगर नारिंगी होते. पाणी असं निळं होतं की कुणीतरी शाईची दौत लवंडली असावी. आभाळात जांभळा, हिरवा आणि पिवळा एकमेकांवर ओरडत होते. धुकं कुठंच नव्हतं.

"अरे बाप रे," काका म्हणाले आणि खाली बसले.

"लपवलं तू?" ताईनं विचारलं.

"काय करू मग?" बाळ म्हणाला. "दिवाणखान्यात लावलं होतं तिनं. एक जोडपं आलं होतं, त्यांना कौतुकानं दाखवत होती. म्हणत होती, बघा, अजून दिसतं मला. ती दोघं एकमेकांकडं बघून हसली. तिला दिसलं नाही, मला दिसलं. त्याच संध्याकाळी उतरवलं आणि सांगितलं, ते घेऊन गेले. इतकी खूश झाली की मला रात्री जेवण गेलं नाही."

ताई चित्राकडं बघत राहिली. वर खोलीत ती सुनेवर तुटून पडली होती, खरं काय ते आईला सांगायलाच हवं असं तिच्या ओठांवर आलं होतं. आता ती म्हणाली, "हे तिला दाखवायचं नाही. कधीच. पाहुणे परदेशी गेले म्हण, घर बदललं म्हण, काहीही म्हण."

"मला उलटं वाटायला लागलंय," बाळ म्हणाला. "आता तिला दिसतं, ताई. उद्या ती सुनेला म्हणेल, वाट्या आण, मी बघते. मग? एका खोट्याला किती टेकू देणार? मी चौकटी जोडतो. एक कोपरा चुकला की बाकीचे तीनही बसत नाहीत."

"आणि सांगितलं तर ती ब्रश खाली ठेवेल. ओळखतोस ना तिला? आपले वडील गेले तेव्हासुद्धा तिनं ब्रश सोडला नव्हता. तो गेला तर तिच्याकडं काय राहतं?"

सून काचांपाशी उभी होती. तिला हीच भीती होती. माई आपल्याला घराबाहेर काढतील असं तिच्या मनातही आलं नाही. माई थांबतील, एवढंच आलं.

"दोन्ही बाजूंत तथ्य आहे," काका म्हणाले.

"काका, तुम्ही बिस्किट खा," बाळ म्हणाला.

"कशात तथ्य आहे?" दारातून माईनं विचारलं.

सगळे जिथल्या तिथं राहिले. कित्येक वर्षांत माई कुणाचा हात धरल्याशिवाय जिना उतरली नव्हती. आता तिला पायऱ्या दिसतात, ही साधी गोष्ट एवढ्या शहाण्या माणसांतल्या एकाच्याही ध्यानात आली नव्हती.

"हाक मारायची ना," ताई म्हणाली.

"कशाला?" माई सरळ टेबलाशी आली. बाळ चित्रावर कागद ओढायला पुढं झाला, पण तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. मग ती बघायला लागली.

तिचं बघणं संथ होतं. आधी तिनं लव्हाळी पाहिली. कोरड्या ब्रशनं खालून वर ओढलेली प्रत्येक काडी, टोकाशी हात उचलल्यावर आपोआप बारीक झालेली. एकही काडी दुसऱ्यांदा गिरवलेली नव्हती. मग पाणी. ब्रश आडवा करून एका दमात फिरवलेला, आणि मधेमधे कागद कोरा सोडलेला, तिथं पाणी चमकत होतं. पलीकडच्या काठावरची झाडं ओल्या कागदावर नुसती टेकवून सोडलेली होती, आणि ती आपल्याआपण पसरून झाडं झाली होती. होडी एका फटक्यात. बाहेर रस्त्यावर सायकलची घंटा वाजली आणि दूर गेली.

"हात माझा आहे," माई म्हणाली. मग जरा थांबून, "रंगही माझाच असणार. दुसरं कुणी नव्हतंच घरात."

"माई, डोळे असे होते म्हणून..." बाळनं सुरुवात केली.

"कळतंय मला. बावळट नाही मी." तिनं मान वर केली. समोरच्या भिंतीवर माउंट करून ठेवलेलं दुसरं चित्र होतं, फ्रेमच्या प्रतीक्षेत. धुक्यातली होडी. त्यात काठ कुठं संपतो आणि पाणी कुठं सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. डोंगर तर असा होता की डोळा मिटून उघडला तर नसेल. माई त्याच्याजवळ गेली. कितीतरी वेळ ती दोन्ही चित्रांमधे मान फिरवत राहिली, इकडून तिकडं, तिकडून इकडं.

"हे त्याच महिन्यातलं ना?" तिनं विचारलं. "डोळे तेच. हात तोच. मग हे असं शांत कसं?"

तिनं सुनेकडं पाहिलं. "किती घालत होतीस?"

सून म्हणाली, "आधी दोन थेंब. मग पळी. शेवटी शेवटी दोन पळ्या."

"आणि मी निळा घाल म्हणायचे तेव्हा?"

"निळा घालायचे. खोटं नव्हते बोलत. नंतर पाणी घालायचे."

"आणि मी विचारायचे, डोंगर लांब गेला का."

"गेलेला असायचा, माई."

माई हसेल असं क्षणभर वाटलं, पण ती हसली नाही. तिचा चेहरा बारीक झाला. "ब्रश धुऊन, पुसून बांधून ठेव," ती म्हणाली. "सगळे." आणि आली तशीच एकटी जिना चढून गेली. तिची पावलं एकदाही अडखळली नाहीत.

*

खाली बाळ स्टुलावर बसला. काकांनी एकदा "नानांच्या दंडकाप्रमाणे पाहिलं तर" एवढं म्हटलं, पण पुढचं त्यांचं त्यांनाच सुचलं नाही.

"मी जातो," बाळ उठला.

"बस," ताई म्हणाली. ती सुनेकडं बघत होती. मघाशी वर आपण हिला बोललो ते परत घ्यायची तिची रीत नव्हती. तिला ते जमतही नसे. "तू जा."

"मी? माझ्यावरच तर राग आहे."

"म्हणूनच. आम्ही गेलो तर ती आमची आई होऊन बसेल. डोळे पुसेल, म्हणेल काही झालं नाही, जेवून घ्या. तुझ्यापुढं तिला तसं करता येणार नाही. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसलीस, तू जा."

सून वर आली तेव्हा माई दिवाणखान्यात नानांच्या चित्रासमोर खुर्ची ओढून बसली होती, इतकी जवळ की तिचा श्वास काचेवर उमटत होता. ऊन तिरपं होऊन भिंतीवर आलं होतं.

"बांधलेस ब्रश?" तिनं मागं न बघता विचारलं.

"नाही."

"ऐकत नाहीस."

"सवय लागली."

माईनं शेजारची खुर्ची दाखवली. "बस. हे बघ. याला लोक राखाडी म्हणतात. काका तर भाषणातच म्हणतात. कुठं आहे राखाडी? डोंगराच्या सावलीत हा विटकरी आहे, बघ. धुक्यात हिरवट आहे. इथं, पाण्याच्या कडेला, चक्क गुलाबी आहे. सगळे रंग आहेत गं, फक्त कुणी पुढं पुढं करत नाही. मला हे माहीत होतं, पण आज किती वर्षांनी दिसलं."

दोघी बघत राहिल्या. एकदा डोंगरावर नजर ठेवली की तिथून पाण्यावर कधी उतरली ते कळत नव्हतं. होडी पाण्यावर होती की धुक्यावर, तेही कळत नव्हतं. सुनेला वाटलं, आपण दोघी त्या काठावरच बसलोय आणि मागं घर आहे एवढंच.

"हे इथं बघ," माई हळूच म्हणाली. काचेवर तिनं बोट टेकवलं. होडीच्या फटक्याच्या सुरुवातीला कागदावर एक पुसट ठसा होता, अंगठ्याचा. "डावा अंगठा टेकवून त्यांनी जागा धरली आणि उजव्यानं ब्रश ओढला. चाचपून. नानांना तेव्हा फारसं काही दिसत नव्हतं, सूनबाई."

सुनेनं तिच्याकडं पाहिलं.

"मी नवीन होते या घरात. मला सांगितलं होतं, सकाळी वाट्यांत रंग काढायचा आणि पाणी घालायचं. दोन बरण्या शेजारी शेजारी असायच्या. एकीत चांगलं पाणी, एकीत ब्रश धुतलेलं, फेकायचं. मी घाबरलेली, घुंगट नाही पण मान खाली. घातलं चुकीच्या बरणीतलं. प्रत्येक वाटीत. कळलं तेव्हा नानांचा अर्धा कागद भरला होता. मला वाटलं, आता माहेरी धाडतात."

"मग?"

"मग काय. ते चित्र झालं." तिनं काचेकडं मान हलवली. "हेच. नानांनी ते हातभर लांब धरलं, किती तरी वेळ धरलं, आणि म्हणाले, डोंगर लांब गेला. त्याआधी त्यांनी असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी ते पाणी मुद्दाम घालायला लागले."

"आणि नानांचा दंडक?"

"कसला दंडक? कुणीतरी काकांना विचारलं, तुमच्याकडं रंग असा कसा येतो, त्यांनी दिलं ठोकून. मग मलाही तेच बरं वाटलं. सासऱ्यांचा नियम म्हटलं की लोक ऐकतात. सुनेची चूक म्हटलं तर कोण ऐकणार?"

खालून काकांचा आवाज येत होता. त्यांना पुढचं सुचलं असावं. सुनेला हसू आलं आणि ते तिनं पदरात दाबलं. मग तिनं विचारलं, "नानांना कळलं होतं?"

"तेच मला माहीत नाही." माई म्हणाली. "त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वाट्यांना मात्र त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही. विश्वासानं म्हणावं, की सगळं समजून म्हणावं? रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. ते रंगवत बसायचे, मी शेजारी. आणि एक दिवस ते गेले." तिनं डोळे पुसले, नव्या डोळ्यांना जपून, रुमालाच्या कोपऱ्यानं. "खाली मला राग आला तुझा. अजून आहे. तू सांगायला हवं होतंस."

"हो."

"मीही सांगायला हवं होतं त्यांना."

ऊन भिंतीवरून सरकत चित्राच्या चौकटीला लागलं. माई उठली आणि जिन्याच्या तोंडाशी गेली.

"बाळ," तिनं खाली हाक मारली, "त्या निळ्या तळ्याला साधी पांढरी चौकट कर. नानांच्या शेजारी लावायचं."

"माई, लोक..." ताईचा आवाज आला.

"लोक हसतील. हसू देत. लव्हाळी बघून गप्प होतील. आणि काकांना म्हणावं, त्यावर भाषण नको."

चित्रांच्या खोलीत तिनं खुर्ची खिडकीकडं ओढली, कागद ओला करून फळीवर ताणला आणि हात पुढं केला. सुनेनं तिच्या हातात ब्रश दिला, रुंद, मऊ केसांचा. वाट्या उलट्या होत्या त्या सुलट्या केल्या. रंग काढले.

"डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस सगळं जास्तच निळं आणि चकचकीत दिसेल," माई म्हणाली. "म्हणजे आता मी बरणीच्या बरणी ओतीन. आधी आंधळी होते, आता चौखूर उधळलेय. माझ्या अंदाजाचा भरवसा नाही. पाणी तूच घालायचं. पण माझ्यासमोर, आणि विचारीन ते खरं सांगायचं."

सुनेनं निळ्यात एक थेंब सोडला, माईला दिसेल असा, वरून. माईनं ब्रश भरला. ओल्या कागदावर तिनं तो आडवा टेकवला आणि डावीकडून उजवीकडं नेला, मधेच एकदा मनगट किंचित वर घेऊन, आणि जिथं मनगट उचललं तिथं कडा विरघळली आणि डोंगराचा माथा झाला. एकच फटका. तो वाळेपर्यंत दोघी थांबल्या. जिन्यावर ताई आणि बाळ येऊन उभे राहिलेले होते, आणि आत यायचं की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

माईनं फळी उचलली आणि हातभर लांब धरली.

"डोंगर लांब गेला का?"

सुनेच्या तोंडात ते उत्तर तयार होतं. इतकी वर्षं ती एकच उत्तर देत आली होती. तिनं डोंगराकडं पाहिलं, मग माईकडं.

"नाही, माई," ती म्हणाली. "अजून जवळच आहे."

माईनं वाटी तिच्याकडं सरकवली.